तेवीस तासांची टोपी

६ जानेवारी

ही डायरी शितलने दिली. शितल म्हणजे माझी भावजय. तिच्या पतपेढीत नव्या वर्षाला वाटतात. पहिल्याच पानावर चेअरमनचा फोटो आणि खाली "बचत हीच खरी कमाई". माझ्या भावाला, सुदामला, नको होती म्हणून माझ्याकडे आली. "ताई, ब्लाउजची मापं लिहायला होईल तुम्हाला," म्हणाली. मापांची वही माझ्याकडे वेगळी आहे. हिच्यात मी दुसरंच लिहिणार, तिला काय कळतंय.

आज तिची रजा संपली. तीन महिन्यांचं पोर सोडून सकाळी कासा नाक्यावर डहाणूच्या गाडीत बसायला गेली. दारात उभी राहून रडली. मीही तोंड पाडून उभी राहिले, बरं दिसतं म्हणून. ती वळणाआड गेल्यावर मी दार लोटलं आणि बाळ्याला घेऊन घरभर नाचले.

त्याचं नाव रियांश. आत्या मी, तेव्हा बारशाला कानात नाव मीच सांगितलं, पण ते शितलने मोबाइलमधून शोधून चिठ्ठीवर लिहून दिलेलं. मी रियांश म्हटलं आणि त्याच श्वासात बाळ्या म्हटलं. त्याने कुठलं ऐकलं ते त्यालाच ठाऊक, पण बाळ्या म्हटलं की हसतो.

बाबांनी केलेला सागाचा पाळणा माळ्यावरून उतरवला. सुदाम आणि मी ह्याच्यातच लोळलो. मशीनला खेटून ठेवलाय. बाळ्याचं डोकं देव्हाऱ्याकडे, पाय स्वयंपाकघराकडे. उजव्या हाताला मी आणि माझं मशीन, डाव्या हाताला दार. मशीनला मोटर असल्यामुळे एक पाय मोकळा असतो, त्याला पाळण्याची दोरी बांधते. शिवता शिवता झोका. सकाळपासून चार ब्लाउजच्या बाह्या लागल्या आणि तेवढा वेळ हा पठ्ठ्या टक लावून माझ्याकडे बघत होता. छताकडे नाही, दाराकडे नाही, फक्त माझ्याकडे.

तलासरीच्या सासरी अकरा वर्षं काढली मी. तिथे माझ्याकडे असं कोणी बघितलं नाही. मूल होईना म्हणून तर बघायचेच बंद झाले.

१५ जानेवारी

काल शितलच्या माहेरी, डहाणूला, बोरन्हाण झालं. काळं झबलं मी शिवलं होतं, पांढऱ्या दोऱ्याने पतंग भरला होता. झबलं कोणी शिवलं ते कोणी विचारलं नाही. "शितल, किती गोड दिसतोय गं," एवढंच सगळ्यांचं. ती मांडी घालून बसली, मांडीवर बाळ्या, वरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे. मी तिच्या उजवीकडे सूप धरून उभी.

आज फोटो बघितले. प्रत्येक फोटोत बाळ्याची मान उजवीकडे वळलेली. एका फोटोत शितल खुळखुळा वाजवतेय, "रियांश, इकडे बघ ना, मम्माकडे बघ," म्हणून घसा कोरडा करतेय, आणि तो मात्र माझ्या सुपाकडे. तिची आई, चंद्रिकाबाई, म्हणाल्या, "आत्याचा लळा लागलाय बाई फार."

शितल हसली, पण ओठांनीच. जिंकल्यावर माणसाने गप्प बसावं.

३ फेब्रुवारी

रविवार म्हणजे माझा उपासाचा दिवस. ती घरी असते.

दूध हा मोठा वशिला आहे. आठवडाभर ती सकाळी काढून ठेवून गेलेलं दूध मी वाटी-चमच्याने पाजते, अर्धं त्याच्या मानेवर सांडतं, पुसते, ढेकर काढते, ढुंगण धुते. संध्याकाळी ती येते, चपला काढायच्या आत पदराखाली घेते आणि हा माझं नाव विसरतो. आयत्या बिळावर नागोबा.

काल तिने पाळणा फिरवला. म्हणाली, "ताई, याचे मागचे केस एकाच बाजूचे गेलेत. जरा उलटा निजवून बघू." डोकं स्वयंपाकघराकडे केलं, म्हणजे आता मी डाव्या हाताला आणि दार उजव्या हाताला. आणि काय सांगू, हा दिवसभर दाराकडे बघत राहिला. मी मशीनवर बसून टाळ्या वाजवल्या, जीभ टाळ्याला लावून घोडा पळवला, दोन-तीनदा हाक मारली. डोळे जरा कलले, मान काही वळली नाही. शितल भाजी आणायला गेली होती. दाराकडे बघत तिची वाट बघत होता, दुसरं काय.

आज ती गेल्याबरोबर मी पाळणा पहिल्यासारखा केला. बाळ्याने लगेच माझ्याकडे बघितलं. मग कुठे माझ्या हाताला शिवण सुचली.

१६ फेब्रुवारी

जिवली म्हातारी बाळ्याला तेल लावायला येते. आज शितलसमोरच तिने त्याला पायावर घेतलं, टाळूवरून हात फिरवला आणि थांबली.

"याचा डोका एका बाजूनी बसलाय गं. बघ, उजवीकडे कसा सपाट झाला. कान पन पुढं सरकला."

मी म्हटलं, "तुझंच दाबणं. सांगत होते, जोर नको लावू."

"माज्या हाताखालून पन्नास पोरं मोठी झाली. एकाचा डोका असा झाला नाय."

शितलने हात फिरवला. मागच्या उजव्या बाजूला तिचा हात गेला आणि तिथेच राहिला. वरून बघितलं तर डोकं तिरक्या चौकोनासारखं दिसतं.

मला हे आधीच दिसलं होतं. वीस वर्षं शिवतेय, खांदा अर्ध्या बोटाने उतरला तरी माझ्या डोळ्याला टोचतो. जानेवारी संपतानाच दिसलं होतं. केस आले की झाकेल म्हणून बोलले नाही. आणि मोहरीची उशी शिवून दिली होती ना मी. मोहरीच्या उशीवर डोकं गोल होतं हे शेंबडं पोरही सांगेल. ती उशी बाळ्याने एकाच बाजूने दाबून टाकली, त्याला मी काय करू.

२० फेब्रुवारी

डहाणूच्या लहान मुलांच्या डॉक्टरकडे ते दोघंच घेऊन गेले. "ताई, तुमच्या युनिफॉर्मच्या ऑर्डरी आहेत ना," असं म्हणून मला ठेवलं. पाळण्याची दोरी पायाला नाही तर शिवण वाकडी येते. चार चड्ड्या उसवल्या.

डॉक्टर म्हणाले, बाळ मऊ असतं, एकाच अंगावर निजलं की तेवढं दबतं, बऱ्याच बाळांचं होतं, घाबरू नका. उशी अजिबात नको. निजवायचं उताणंच, पण डोक्याची दिशा रोज बदला, म्हणजे तो दोन्हीकडे बघेल. जागा असताना समोर बसून पालथं घाला. महिनाभराने दाखवा.

शितलने भिंतीवरच्या कॅलेंडरशेजारी उभी राहून मला समजावलं, जशी काही मी पतपेढीतली नवी शिपाई. "ताई, सम तारखेला डोकं देव्हाऱ्याकडे, विषम तारखेला स्वयंपाकघराकडे. लक्षात राहील?"

"राहील," म्हटलं. मला तारखा कळतात.

उशी उसवली. त्यातली मोहरी आता आमटीच्या फोडणीत तडतडते.

२७ फेब्रुवारी

विषम तारीख.

सकाळी डोकं स्वयंपाकघराकडे केलं, तिच्या देखत. ती गेली. बाळ्या दाराकडे बघत पडला. मी मशीनवर बसले, त्याच्या डाव्या हाताला. खुळखुळा वाजवला, घुंगराची पट्टी हलवली, तोंडाने कोंबडा केला. नाही म्हणजे नाही. दार, दार आणि दार. बाहेर कोणी खोकलं की पाय झाडतो. मला त्याच्या गालाचा मागचा भाग दिसत होता फक्त.

मला हेवा वाटतो तिचा. लिहून टाकलं. ती घरात नसतानाही हा तिच्याकडे बघतो आणि मी हाताच्या अंतरावर बसलेली असून मला दिसत नाही, हे कोणी सहन करावं.

चहाच्या आधी मी पाळणा फिरवून टाकला. मग तो माझ्याकडे बघून खुदकन हसला. संध्याकाळी ती यायच्या वेळेला पुन्हा विषम करून ठेवला.

पालथं घातलं की नाक गोधडीत खुपसून आकांत करतो. माझ्याच्याने ते बघवत नाही, उचलून घेते. पोटच्या पोराला रडवायला आई असते, आत्या नसते.

१५ मार्च

होळीच्या दोन दिवसांच्या सुट्टीत शितल घरी. त्या दोन दिवसांत पाळणा तारखेप्रमाणे फिरला. पाड्यावर ढोल, तारपा, सगळं वाजलं. सुदामने बाळ्याला होळी दाखवायला नेलं, शितलच्या कडेवर. मी म्हटलं, द्या माझ्याकडे. "राहू दे ताई, तुम्ही रोज घेता." रोज घेते म्हणून सणाला घ्यायचं नाही, असा कुठला कायदा.

आज ती गेली. विषम तारीख आहे. मी काही पाळणा फिरवलेला नाही, देव्हाऱ्याकडेच आहे.

२९ मार्च

महिन्याने दाखवलं तेव्हा डहाणूच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं, तिथून आज परत आलो. ह्या वेळी सुदाम म्हणाला, "बाय, तूपन चल. दिवसभर तुझ्याजवळ असतो, डॉक्टर काय विचारेल ते तुलाच माहीत." मी नवीन पातळ नेसले.

मोठं हॉस्पिटल, आणि डॉक्टर म्हणजे सुदामपेक्षा लहान मुलगी. तिने चिमट्यासारख्या पट्टीने डोकं तिरकं मोजलं, एका बाजूने आणि दुसऱ्या बाजूने. मग डहाणूच्या डॉक्टरांचा कागद वाचला.

"महिनाभर दिशा बदलत होता ना?"

शितल म्हणाली, "हो, रोज. मी तारखा लावून दिल्या होत्या."

"दिवसा बाळ कोणाजवळ असतं?"

दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही बदलत होता?"

मी हो म्हणाले. कॅलेंडरवरची प्रत्येक तारीख डोळ्यांसमोर आली तरी हो म्हणाले.

"मग इतक्या दिवसांत थोडा तरी फरक पडायला हवा होता," ती म्हणाली. मग तिने बाळ्याचा खांदा एका हाताने धरला आणि दुसऱ्या हाताने हनुवटी हळूच डावीकडे वळवली. जरा वळली आणि अडली. बाळ्याने जी किंकाळी फोडली, ती अजून कानात आहे.

"हे बघा. मानेचा स्नायू आखडलाय. डावीकडे वळायला याला त्रास होतो. तुम्ही कुठल्याही बाजूला बसा, कितीही खेळवा, हा उजवीकडेच बघणार."

शितल म्हणाली, "म्हणजे फोटोत पण..."

"हो. बाळ कोणाकडे बघत नसतं, जिकडे मान जाते तिकडे बघतं. दिशा बदलली की हळूहळू दुसरी बाजू वापरायची सवय लागते, म्हणून तर आम्ही सांगतो. असो, चूक कोणाचीच नसते. मानेचे व्यायाम सुरू करू. पण डोक्याचा सपाटपणा बराच आहे आणि सहा महिने होत आलेत, हेल्मेट लावलेलं बरं. आता डोकं भराभर वाढतं, तोपर्यंत फायदा."

फिरत्या कॅमेऱ्याने त्याच्या डोक्याचं माप घेतलं. मला मापं घ्यायला टेप लागते, तिथे टेपसुद्धा नव्हती.

परतताना खिडकीशी बसले. शितलच्या मांडीवर बाळ्या, मान उजवीकडे. उजवीकडे या वेळी गाडीचा पत्रा होता. तो पत्र्याकडे बघून हसत होता.

३१ मार्च

डॉक्टरणीला काय कळतंय. मान आखडलेली असेल. हसू तर आखडलेलं नव्हतं.

११ एप्रिल

काल हेल्मेट आणलं. सुदामची मोटारसायकल गेली आणि हेल्मेट आलं. फुग्याच्या फॅक्टरीत तो आता बसने जातो. पाड्यावर एकच विनोद चाललाय, "गाडी इकली नं हेल्मेट घेतला." एकाला वाटलं की बाळ्याच गाडी चालवणार.

पांढरंशुभ्र, आतून मऊ, बाजूला पट्टा. जिथे डोकं फुगीर आहे तिथे टेकतं, जिथे सपाट आहे तिथे आत जागा सोडलीय. डोकं वाढायचं तर तिकडेच वाढेल. मनाशी कबूल केलं, बेतलंय छान. अंगाला बसवून पुन्हा वाढायला जागा ठेवणं हे चांगल्या शिंप्याचंच काम आहे.

तेवीस तास घालायचं. एक तास काढायचं, आंघोळ, डोकं पुसणं, कातडी लाल झालीय का बघणं, हेल्मेट आतून धुऊन वाळवणं. शितलने ठरवलं, आंघोळ संध्याकाळी, ती आल्यावर.

म्हणजे टोपीवाला बाळ्या माझा, आणि उघड्या डोक्याचा तिचा.

टाळूला तेलाचा आणि दुधाचा मिळून जो वास यायचा, तो आता प्लॅस्टिकच्या आत कोंडलाय. दुपारी नाक लावलं तर कपाळाला पट्टा टोचला. संध्याकाळी मोरीतून शितलचं गाणं आणि त्याचं खिदळणं ऐकू येतं, आणि मी भाकऱ्या थापते. आज एक करपवली. सुदाम म्हणाला, "बाय, काय जळतंय?" मी म्हटलं, भाकरी.

१३ एप्रिल

महालक्ष्मीच्या जत्रेला गेलो. देवीपेक्षा जास्त लोकांनी बाळ्याला बघितलं. एक बाई म्हणाली, नवस आहे का. एकीने विचारलं, पडला काय गं. फुगेवाल्याने फुकट फुगा दिला, "क्रिकेटवीर" म्हणून. शितल प्रत्येकाला थांबून नीट सांगत होती, मान ताठ ठेवून. मला तिचा राग आला आणि मनात आलं, मी अशी सांगू शकले नसते. मग आणखी राग आला.

१८ एप्रिल

मानेचे व्यायाम दिवसातून चार वेळा. त्यातले तीन माझ्या वाट्याला, कारण तो माझ्याजवळ असतो. खांदा धरायचा, हनुवटी हळू डावीकडे न्यायची, थोडा वेळ तिथे ठेवायची. डॉक्टरणीने शितलला शिकवलं, शितलने मला. ओढायचं नाही, फक्त धरायचं.

तो रडतो. माझ्याकडे बघून रडतो. आता माझा हात खांद्याकडे गेला की ओठ काढतो. कालपर्यंत मला बघून हसणारं पोर. दिवसभर मी रडवायचं, संध्याकाळी तिने न्हाऊ घालून हसवायचं. कोणी मुद्दाम बेत केला असता तरी इतका चोख झाला नसता.

पण मी एकही व्यायाम चुकवलेला नाही. हे कोणी विचारणार नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

पाळणा मात्र देव्हाऱ्याकडेच असतो. दिवसभर रडवल्यावर निदान निजताना तरी माझ्याकडे तोंड असू दे.

२५ एप्रिल

आज जेवणं झाल्यावर शितल सुदामला म्हणाली, "मी नोकरी सोडते."

मला वाटलं पतपेढीत काही झालं. तसं नव्हतं. ती म्हणाली, बाळंतपणात अंग दुखायचं म्हणून ती कायम एकाच कुशीवर पडून पाजायची, उठायचा कंटाळा यायचा. तिथूनच त्याला सवय लागली. "डॉक्टर म्हणाल्या कोणाची चूक नाही, पण मला माहितीय ना. माझ्या आळसाने झालं. ताई बिचाऱ्या सांगितलेलं सगळं करतात तरी फरक नाही पडला, म्हणजे मूळ माझ्यापासूनच आहे. आई म्हणून एवढं तरी करू दे. घरी बसते."

सुदाम म्हणाला, "बघ बाबा, तुला वाटतं तसं." त्याला असंच बोलता येतं.

ती रडत होती आणि मला पहिलं काय सुचलं, तर पाळणा. ती घरी बसली की पाळणा तिच्या खाटेशी जाणार. माझ्या पायाला दोरी राहणार नाही. तिच्या रडण्याचं मला सुचलंच नाही. ताई बिचाऱ्या, म्हणाली ती. दुसरी कोणी म्हणाली असती तर टोमणा समजले असते. हिला टोमणे मारता येत नाहीत, हेच तर माझं दुखणं.

२६ एप्रिल

काही शिवलं नाही. चोराच्या मनात चांदणं, तसं झालंय. कॅलेंडर दिसलं की नजर खाली जाते. ते उतरवून ठेवावंसं वाटलं, पण त्याच्यावर गॅसच्या तारखा आहेत.

मी दोन्ही बाजूंनी बुडणार. गप्प बसले तर ती घरी बसेल आणि बाळ्या जाईल. सांगितलं तर ती त्याला उचलून चंद्रिकाबाईंकडे डहाणूला ठेवेल आणि बाळ्या जाईल. मग गप्प बसलेलं काय वाईट? निदान नाव तरी राहील.

असं लिहिलं आणि वाचलं. वाईट आहे.

२८ एप्रिल

सकाळी तिने राजीनाम्याचा कागद पर्समध्ये घातला. मी बाळ्याचं हेल्मेट ओल्या फडक्याने पुसत होते. मी म्हटलं, "शितल, तो कागद काढ."

"का ताई?"

"तुझ्या कुशीचं काही नाही. पाळणा मी फिरवत होते. तू गेलीस की माझ्याकडे तोंड करायची आणि तू यायच्या आधी तुझ्या तारखेचा करून ठेवायची. फेब्रुवारीपासून."

ती पर्स धरून उभी राहिली. "डॉक्टरांना तर हो म्हणालात."

"हो."

"कशाला, ताई?"

मी म्हटलं, "उलटा केला की तो तुझ्या दाराकडे बघायचा."

ती रागावली नाही, भांडली नाही. भांडली असती तर मला जमलं असतं, मी तयारी केली होती. ती आत गेली, नळ सुटला, बराच वेळ सुटा राहिला. मग तोंड पुसत बाहेर आली, बाळ्याला उचललं. मला वाटलं, झालं, आता चालली डहाणूला. तिने त्याला पाळण्यात ठेवलं. डोकं स्वयंपाकघराकडे.

"आज सम तारीख आहे," मी म्हटलं.

"आता तारखा नकोत. मान सुटेपर्यंत असंच. तुम्ही त्याच्या डावीकडे बसणार. त्याला बघायचं असेल तर त्याने मान वळवावी."

आणि गाडी गाठायला गेली. कागद पर्समध्येच होता, पण संध्याकाळी तिने त्याच्या पाठीमागे वाण्याची यादी लिहिली, ते मी बघितलं.

९ मे

माझ्याशी कामापुरतं बोलते. "मीठ संपलंय." "हेल्मेटचा पट्टा सैल आहे." ताई म्हणते, पण पूर्वी त्या ताईला शेपूट असायचं, हसण्याचं. ते गेलं. ठीक आहे.

बाळ्या दाराकडे बघतो. मी त्याच्या डावीकडे बसते. मला हेल्मेटची मागची बाजू दिसते, त्याच्यावर मोटारीचं स्टिकर लावलंय सुदामने. आता कळतं की तो कोणाचीच वाट बघत नाही. मान तिकडे जाते म्हणून बघतो. तरी दुखतंच. कळल्याने दुखायचं थांबत नाही.

१४ मे

चारोटीला हायवेवर ट्रक उलटला, गाड्या अडकल्या. शितलचा फोन आला. "मला उशीर होईल. उकाडा आहे, त्याला घामोळं येईल." मग म्हणाली, "आजचा तास तुम्ही घ्या."

मी हेल्मेट काढलं. कपाळावर पट्ट्याची खूण, केस घामाने चिकटलेले. कोमट पाणी घातलं. तळहात उजव्या मागच्या बाजूला नेला, तिथे अजून सपाट आहे, पण पहिल्यासारखं पाटासारखं नाही. पुसून नाक लावलं. वास होता तसाच आहे.

२५ मे

आज रविवार. शितल माझ्या स्टुलावर बसून बाळ्याच्या चादरीला शिवण मारत होती. तिला मशीन येत नाही, दोरा दोनदा तुटला. मी कपडे धुऊन आले आणि दारातच थांबले. बाळ्याचं डोकं स्वयंपाकघराकडे, म्हणजे दारातली मी त्याच्या उजव्या हाताला. सोप्या बाजूला. त्याने मला बघितलं, पाय झाडले, तोंडभर हसला.

इतक्या दिवसांनी तो माझ्याकडे बघून हसला.

तेवढ्यात शितल मान वर न करता, सुईत दोरा ओवता ओवता, हळूच म्हणाली, "रियांश."

त्याचे डोळे आधी सरकले. मग हनुवटी. हेल्मेट पाळण्याच्या फळीला घासल्याचा आवाज आला. अर्ध्यात अडला, जीभ बाहेर काढली, जशी मी सुई ओवताना काढते तशी. मला वाटलं परत येणार. परत आला नाही. पूर्ण वळला, डावीकडे, स्वतःहून, तिच्याकडे. मला दिसलं ते फक्त मोटारीचं स्टिकर.

शितलने मान वर केली. दोरा हातातून सुटला. तिने त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्यावरून माझ्याकडे, आणि तिचे डोळे भरून आले.

मला हेवा वाटला, खोटं कशाला सांगू. हा व्यायाम दोन महिने मी घेतला, रडणं मी ऐकलं, आणि वळला तो तिच्या हाकेला, तेही चिठ्ठीवरच्या नावाला. बाळ्या हे नाव माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसलं होतं. एक हाक पुरली असती. ती बाजू त्याला सोपी आहे, झटक्यात माझ्याकडे फिरला असता.

मी ओठ दाताखाली धरून उभी राहिले. हातात पिळलेल्या कपड्यांची बादली होती. तीही खाली ठेवली नाही, कडीचा आवाज होईल म्हणून.